दारातला बूट

रियाधमध्ये मला सगळे काका म्हणतात. साठीच्या पुढचा मराठी माणूस इथे आला की आपोआप काका होतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. लेक इथल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे, जावई कामानिमित्त आठवडा आठवडा बाहेर असतो, आणि नात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. बायको गेल्यावर पुण्यात एकटा राहून मी स्वतःची आबाळ करतो, असं लेकीचं ठाम मत झालं. तेव्हापासून वर्षातले सहा-सात महिने माझा मुक्काम इथेच. व्हिजिट व्हिसा असल्यामुळे दर तीन महिन्यांनी देशाबाहेर पाऊल टाकून यावं लागतं. त्यासाठी लोक गाडीनं बहारीनच्या पुलापर्यंत जातात, शिक्का मारून घेतात आणि वळून परत येतात. एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस. सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही.

काका होण्याआधी मी पंडितजी होतो. सैन्यात धर्मशिक्षकाची एक जागा असते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यासाठी शास्त्रीची पदवी लागते, आणि ती घेऊन गेलं तरी पळायचं आणि बंदूक धरायला शिकायचं सुटत नाही. पलटणीच्या मंदिरातली पूजा, रविवारची मंदिर परेड, इस्पितळात पडलेल्या जवानांची भेट, कुणी गेलाच तर त्याचे शेवटचे विधी, ही सगळी कामं पंडितजींची. माझी शेवटची काही वर्षं अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण अकादमीत गेली. कुठली ते सांगत नाही. दोष माझा आहे, जागेला का बदनाम करू?

तिथले कॅडेट म्हणजे बावीस-चोवीस वर्षांची मुलं. कॉलेजातून केस वाढवून आलेली, पहिल्या दिवशी ते केस गमावून बसलेली. पहाटेपासून त्यांच्यावर जे ओरडणं सुरू होई ते दिवे मालवेपर्यंत चाले. मंदिरात ही मुलं देवासाठी येत असा माझा गैरसमज पहिल्या महिन्यातच गळून पडला. मंदिरात पंखा होता, मांडी घालून बसता येत होतं, रविवारी प्रसादाचा शिरा मिळत होता आणि कुणी ओरडत नव्हतं. एवढ्यासाठी येत बिचारी. मग बसल्या बसल्या एखादा बोलायला लागायचा. घरची आठवण, गुडघ्याची सूज, कुणा मुलीनं पाठवलेलं शेवटचं पत्र. मी ऐकायचो. ऐकण्यात मी हुशार आहे असं माझं मलाच वाटायचं, आणि ते लोकांनाही वाटावं अशी माझी खटपट असायची.

मंदिरात मी धोतर नेसायचो आणि बाहेर वर्दी घालायचो. वर्दीच्या खांद्यावर स्टार होते आणि माझ्या वर साहेब होते. दर शनिवारी सकाळी कंपनी कमांडर मला चहाला बोलवत. मेजर होते, माणूस सज्जन. बिस्किटांची बशी पुढे सरकवून विचारायचे, "पंडितजी, लडके कैसे हैं?" हा प्रश्न त्यांच्या कामाचा होता आणि उत्तर देणं माझ्या कामाचं होतं. मुलांचं मनोधैर्य कसं आहे हे साहेबांना सांगायचं, हे माझ्या कर्तव्यात बसत होतं. मंदिरात ऐकलेलं त्यातलं किती सांगायचं आणि किती पोटात ठेवायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते धोतरातल्या माणसानं ठरवायचं होतं. पण चहाला वर्दीतला जायचा.

त्या तुकडीत नाशिककडचा एक मुलगा होता. इंजिनियर झालेला, वडील नसलेला, आईचा एकुलता एक. अकादमीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून तो जास्त यायचा. एका सरावात त्यांनी खंदक खणला होता. पावसानं माती भुसभुशीत झालेली, एक बाजू कोसळली आणि हा छातीपर्यंत गाडला गेला. चार-पाच मिनिटंच, पण त्या मिनिटांत त्याला धड श्वास घेता आला नाही. त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं हातांनी माती उकरून त्याला बाहेर काढलं. हा जोडीदार शिमल्याकडचा, पहाडी मुलगा, बोलायला कमी. खरचटण्यापलीकडे काही लागलं नव्हतं, त्यामुळे दोघांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली आणि वर कळवलीच नाही.

पण त्यानंतर खोलीचं दार बंद झालं की याचा जीव घुसमटायला लागला. दारं बंद करून झोपायचं हा नियम. मग जोडीदारानं युक्ती काढली. झोपताना तो आपला एक बूट दाराच्या फटीत सरकवून ठेवायचा. बाहेरून बघणाऱ्याला दार लोटलेलं दिसावं आणि आत चार बोटं हवा यावी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तोच बूट काढून, पुसून पायात घालायचा. एका रविवारी शिरा खाऊन झाल्यावर मुलानं मला हे सगळं सांगितलं. सांगताना हसत होता, पण हातातला रिकामा द्रोण फाडत होता. म्हणाला, "पंडितजी, कुणाला बोलू नका. तीन आठवडे राहिलेत. आईनं परेडसाठी साडी घेऊन ठेवलीय." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो की देवासमोरचं बोलणं देवासमोरच राहतं.

पुढच्या शनिवारी मी मेजर साहेबांना सांगितलं.

का सांगितलं, याची उत्तरं वीस वर्षांत मी पुष्कळ तयार केली. मुलाची काळजी वाटली, हे खरं आहे. उद्या हा अधिकारी होऊन माणसांना घेऊन कुठल्या बंकरमध्ये बसेल आणि तिथे याचा श्वास कोंडला तर काय, हेही मनात आलं होतं. पण त्या सकाळी साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि रिकाम्या हातानं परतणं मला आवडायचं नाही. "एक लडका थोडा परेशान है," इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. साहेबांनी कान टवकारले तसा मला हुरूप आला. मी नाव सांगितलं, खंदक सांगितला आणि बुटाची गोष्ट तर रंगवून सांगितली. साहेब मान हलवून म्हणाले, "गुड, पंडितजी. यही तो आपसे उम्मीद है." त्या दिवशी मी छाती काढून परत आलो, हे आज लिहितानाही कानशिलं तापतात.

मला वाटलं होतं, साहेब मुलाला बोलावतील, पाठीवर हात ठेवतील, फार तर डॉक्टरला दाखवतील. पण साहेबांच्याही वर साहेब होते. गोष्ट कागदावर गेली आणि कागदावरून लष्करी इस्पितळात. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की तू दारात बूट ठेवून झोपतोस का? आठवड्याभरात निकाल आला. प्रकृतीच्या कारणावरून घरी. परेडला तेव्हा आठ दिवस उरले होते.

सामान बांधून झाल्यावर तो मंदिरात आला. रडला नव्हता. खाली बसला, पंख्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "त्यानंच सांगितलं, पंडितजी. बूट त्याचाच होता. दुसऱ्या कुणाला कसं कळणार?" मलाही त्यानं सांगितलं होतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी माणसांच्या यादीत नव्हतोच, देवाच्या बाजूला होतो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही, पण त्यातून बाहेर पडलं ते असं: "राग धरू नकोस. क्षमा कर त्याला." एवढंच बोलून थांबलो नाही. क्षमेवर चार-पाच मिनिटं बोललो. माझं बोलणं तेव्हा चांगलंच असायचं. तो माझ्या पाया पडला आणि गेला.

संध्याकाळी जोडीदार आला. मंदिरात न शिरता पायरीखाली उभा राहिला. त्यानं एकच विचारलं, "पंडितजी, आपने किसी से कहा था?" मी निरांजनाची वात सारखी करत होतो. वातीकडेच बघत मी म्हणालो, नाही. तो सॅल्यूट ठोकून निघून गेला. पंडितजींना कॅडेट नमस्कार करतात, सॅल्यूट करायची काही गरज नसते. त्या वेळी मला ते खटकलं, पण मी ते फार मनात येऊ दिलं नाही.

शपथविधीच्या दिवशी आम्ही धर्मशिक्षक आपापले ग्रंथ घेऊन उभे होतो. मी, मौलवी साहेब, ग्रंथी साहेब आणि पाद्री. माझ्या हातात गीता होती. पहाडी मुलगा दुसऱ्या रांगेत होता. त्यानं खणखणीत आवाजात शपथ घेतली आणि पूर्ण वेळ माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. गप्प राहून त्यांची मैत्री मोडू देणं सोपं होतं, दोन मुलांना एका खोलीत बसवून खरं बोलणं अवघड होतं. मला भीती एकाच गोष्टीची होती. खरं कळलं तर मुलं मंदिरात यायची थांबतील. माझा रविवार ओस पडेल.

पुढे निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की पंडितजींकडे मन मोकळं करून मुलं हलकी होऊन जायची. टाळ्या वाजल्या. मीही हात जोडले.

इथे रियाधला पहिल्या वर्षी दिवाळीत लेकीच्या ओळखीतल्या एका घरी आम्ही वीस-पंचवीस मराठी माणसं जमलो होतो. घरातल्या घरात आरती, आवाज बेतानं, टाळ्याही बोटांवर. यजमानांनी काका, तुम्हीच म्हणा, असा आग्रह केला म्हणून मी मंत्रपुष्पांजली म्हटली. संपली आणि मागून एक गृहस्थ पुढे आले. चाळिशीला टेकलेले, कानशिलापाशी पांढरे झालेले. वाकून पाया पडले आणि म्हणाले, "पंडितजी, आवाजावरून ओळखलं. मला ओळखलंत?" मी ओळखलं होतं. नाशिककडचा तोच मुलगा होता. सगळ्यांसमोर तो सांगत होता की आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत माझं कुणी नव्हतं, हे होते. बायका डोळे पुसत होत्या. लेक माझ्याकडे अशा अभिमानानं बघत होती की मी काही बोललोच नाही.

त्यानंतर तो शुक्रवारी येऊ लागला. त्याची कंपनी तेलाच्या प्रकल्पांना उपकरणं पुरवते. गोदाम रियाधच्याच अल सुलै भागात आणि काम बहुतेक पूर्वेकडे, अबकैकच्या तेलक्षेत्रात, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस तो रस्त्यावरच असायचा. तरी शुक्रवार माझा. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट आहे, पण तो जिन्यानं यायचा. व्यायाम होतो म्हणायचा. गाडी चालवताना पंचेचाळीस डिग्रीतही खिडकी दोन बोटं उघडी ठेवायचा, एसी पूर्ण चालू असताना. नात हसायची त्याला. मी हसायचो नाही.

तो मला सगळं सांगायचा. कफीलशी, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाशी झालेली खडाजंगी, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाची रखडपट्टी, आईचं वय, नाशिकला शिकायला ठेवलेल्या मुलाचं तुटक बोलणं. मी सल्ले द्यायचो. दर शुक्रवारी तो जिना उतरला की मी ठरवायचो, पुढच्या शुक्रवारी सांगायचं. असे तीन-चार मोसम गेले. पुढचा शुक्रवार यायचा, तो खजूर घेऊन यायचा, पंडितजी म्हणून हाक मारायचा आणि मला ती हाक सोडवत नसे. इथे दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी शिक्क्याची वेळ आली तेव्हा जावई बाहेर होता आणि लेकीला सुट्टी मिळेना. हा म्हणाला, मी नेतो. पहाटे निघालो. लेकीनं पराठे, पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या गोळ्यांची पिशवी दिली होती. जाताना गप्पा इकडच्या तिकडच्या झाल्या. पुलावर गर्दी नव्हती. चौकीतल्या अधिकाऱ्यानं माझ्या पासपोर्टवर शिक्का उमटवला, "यल्ला" म्हणजे 'चला' म्हणत हात हलवला आणि आमचं काम झालं.

परतीच्या वाटेवर अबकैकचा फाटा आला तसं त्यानं लांबवर दिसणाऱ्या धुराड्यांकडे बोट दाखवलं. म्हणाला, माझं अर्धं आयुष्य इथे गेलं. मग आपणहून बोलायला लागला. त्यांच्या तुकडीला वीस वर्षं पूर्ण होतायत, मुलं भेटणार आहेत. मुलं म्हणजे आता कर्नल वगैरे. ते यालाही बोलावतायत. खोलीतला जोडीदार दर दिवाळीला मेसेज पाठवतो. आधी साधा यायचा, आता व्हॉट्सॲपवर येतो. मजकूर तोच, हॅपी दिवाली भाई. यानं एकदाही उत्तर दिलेलं नाही. लग्नाची पत्रिका आली होती त्याची, तीही उघडली नाही.

"तुम्ही सांगितलं होतं, क्षमा कर," तो म्हणाला. "फार प्रयत्न केला, पंडितजी. नाही जमलं. तुमचं ऐकलं नाही असं एवढं एकच."

त्याच्या आवाजात अपराध्याचा सूर होता. माझी आज्ञा मोडली म्हणून तो माझ्याकडे माफी मागत होता. इतकी वर्षं मी ज्याच्यापासून पळत होतो, ते गाडीत माझ्या शेजारी येऊन बसलं होतं आणि पट्टा लावलेला असल्यामुळे उठूनही जाता येत नव्हतं.

"बुटाचं मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. कुणाला, असं त्यानं सहज विचारलं.

"मेजर साहेबांना. शनिवारी, चहाच्या वेळी. तुझं नाव, खंदक, दार, बूट, सगळं. त्या पोरानं काही सांगितलं नव्हतं."

तो गाडी चालवत राहिला. वेग वाढला नाही की कमी झाला नाही. एक टँकर मागे पडला, मग दुसरा. मग त्यानं बटण दाबून खिडकी पूर्ण खाली घेतली आणि भट्टीसारखा वारा आत घुसला. पराठ्यांचे कागद उडाले. ते गोळा करायला मी वाकलो, कारण निदान तेवढा वेळ त्याच्याकडे बघावं लागणार नव्हतं.

"आणि मला म्हणालात, त्याला क्षमा कर," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता, तरी मी हो म्हणालो.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्यानं गाडी आत घेतली. इंजिन आणि एसी माझ्यासाठी चालू ठेवून उतरला. आपल्या बाजूचं दार त्यानं लावलं नाही, सताड उघडंच राहिलं. मग तो टँकर उभे होते तिकडे फोन कानाला लावून चालत गेला. कुणाला फोन लावलाय ते मला विचारावं लागलं नाही. तिथे सावली नव्हती. तो येरझारा घालत होता, थांबत होता, परत चालत होता. एकदा तर उन्हात जमिनीवर उकिडवा बसला आणि बराच वेळ कपाळाला हात लावून राहिला. मी गाडीत बसून गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून होतो. देवाचं नाव घ्यावं असं मनात आलं, पण त्या वेळी ते मला परवडणारं नव्हतं.

पाऊण तासानं तो दोन पेले कडक चहा घेऊन आला. एक माझ्या हातात दिला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. डोळे लाल होते.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "तेव्हापासूनच. म्हणाला, पंडितजींना विचारलं, ते दिव्याकडे बघून नाही म्हणाले. तेव्हाच कळलं."

मग तो बोलला का नाही, हे मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाला, तू सगळं हरून घरी चालला होतास. निदान मंदिरातला माणूस तरी तुझ्यापाशी राहू दे, असं वाटलं. दोस्ताचं काय, दोस्त दुसरा मिळेल." त्यानं चहाचा घोट घेतला. "मिळाला नाही, पंडितजी."

मला लाज वाटली. आतापर्यंत मी पश्चात्ताप म्हणून जे काही जपत होतो ते त्या लाजेपुढे अगदी फडतूस होतं. आणीबाणीत माणसाला धीर द्यायचा, त्याच्या श्रद्धेला धक्का लागू द्यायचा नाही, याचा पगार मला मिळत होता. ते काम त्या तुकडीत तेवीस वर्षांच्या एका अबोल पोरानं केलं, आणि केल्याचं कुणाला सांगितलं नाही. त्यासाठी त्यानं आपला एकुलता एक मित्र देऊन टाकला. मी मात्र वातीकडे बघत बसलो. त्याचा तो सॅल्यूट मी इतकी वर्षं उगाच विसरायला बघत होतो. तो माझ्या वर्दीला केलेला होता. धोतरातल्या माणसाला नमस्कार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी त्याची माफी मागितली. शब्द साधेच होते, प्रवचनातले नव्हते. त्यानं ऐकून घेतलं आणि चहा संपवा, गार होतोय, एवढंच म्हणाला. आम्ही परत रस्त्याला लागलो. त्यानं खिडकी परत दोन बोटं ठेवून वर घेतली होती. मधे एकदा माझ्या गोळीची वेळ झाल्याची आठवण करून दिली आणि पाण्याची बाटली उघडून दिली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. माझी पिशवी घेऊन तो जिन्यानं चढला, मी लिफ्टनं. दारात पिशवी ठेवली. एरवी निघताना तो वाकून पाया पडायचा आणि मी नको नको म्हणत ते करू द्यायचो. त्या दिवशी त्यानं माझा हात हातात घेतला, हलकेच दाबला आणि म्हणाला, "येतो, काका."

मला वाटलं होतं, तो आता यायचा नाही. पण तो येतो. दर शुक्रवारी नाही, महिन्यातून एखादा शुक्रवार चुकवतो, पण येतो. तुकडीच्या मेळाव्याला जाऊन आल्याचं मला फोटोंवरून कळलं. लेकीच्या फोनवर त्यानं पाठवलेले ते फोटो होते. पिकल्या केसांचे दोन गृहस्थ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत आणि दोघांच्या मधे, जमिनीवर, कुणीतरी गंमत म्हणून एक काळा बूट ठेवला आहे. मी तो फोटो फार वेळ बघितला. नात म्हणाली, आजोबा, व्हॉट्स सो स्पेशल? मी फोन तिच्या हातात दिला.

तो खजूर आणतो, चहा घेतो, नातीच्या अभ्यासाची चौकशी करतो. नवी मेट्रो, क्रिकेट, उन्हाळा लांबला यावर आम्ही बोलतो. हिवाळ्याच्या तोंडाला त्याची आई पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तो दोन आठवडे नाशिकला जाऊन आला. लेकीला त्यानं सगळं विचारलं होतं, भूल देण्याविषयी, आईच्या वयाविषयी, घाबरल्यासारखा दोन-दोनदा. परत आल्यावर शुक्रवारी माझ्यासमोर बसला होता तेव्हा मी विचारलं, आई कशी आहे.

"बरी आहे, काका," तो म्हणाला, आणि त्यानं मला क्रिकेटचा स्कोअर विचारला.